फ्रिजचं दार बंद राहत नाही? गॅस्केट आणण्याआधी हे बघा

प्रश्न असा आहे: नऊ वर्षांचा सिंगल डोअर फ्रिज, नव्या फ्लॅटमध्ये आल्यापासून दार बंद राहत नाही. लावलं की थोड्या वेळाने बोटभर उघडं दिसतं. मेकॅनिकने फोनवरच ‘गॅस्केट (म्हणजे दाराच्या कडेने फिरवलेलं रबर) गेलं, बदलावं लागेल’ असं सांगून टाकलं. सध्या दाराला स्टूल टेकवून काम चाललंय. बाहेरून एक छोटी कडी बसवून घेतली तर चालेल का, हेही विचारलं आहे.

कडीचं आधी सांगतो, कारण ते काम कोणीतरी रविवारी सकाळी ड्रिल काढून उरकून टाकतं. फ्रिजच्या अंगाला ड्रिल लावू नका. पूर्वी फ्रिजच्या पाठीमागे काळी जाळी असायची. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये ती दिसत नाही, कारण ती गरम नळी बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवून फिरवलेली असते. फ्रिज चालू असताना बाजू हाताला कोमट लागते ती त्यामुळेच. काही मॉडेलमध्ये हीच नळी दाराच्या चौकटीच्या आतूनही जाते, म्हणजे पावसाळ्यात चौकटीला घाम सुटू नये. स्क्रू त्या नळीत घुसला की गॅस गेला, आणि फोममध्ये पुरलेली नळी काढून जोडणं म्हणजे फ्रिज फाडणंच. शिवाय मागच्या लेबलवर ‘आर 600 ए’ लिहिलं असेल तर आतला गॅस आयसोब्युटेन आहे, पेट घेणारा. तेव्हा कडी नाही. दोन-चार दिवस ढकलायचेच असतील तर लहान मुलांनी दार उघडू नये म्हणून मिळतो तो चिकटवायचा पट्टा लावा. फक्त एरवी दार उघडंच राहतं, ही तक्रार त्याने जात नाही.

गंमत म्हणजे फ्रिजला पूर्वी बाहेरून खटक्याची कडी असायचीच. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपायला गेलेली मुलं आत अडकून गुदमरायची. म्हणून अमेरिकेत 1956 साली कायदा झाला, आणि 1958 च्या अखेरीपासून तिथे विकल्या जाणाऱ्या घरगुती फ्रिजचं दार आतून ढकललं की उघडलं पाहिजे, असं बंधन आलं. खटका गेला आणि चुंबकाची पट्टी घातलेलं रबर सगळीकडे रुळलं. हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की ते चुंबक मुद्दाम हलकं असतं. लहान मुलाने आतून ढकललं तरी सुटावं, इतपतच त्याची पकड. दार लांबून ओढून आणणं किंवा उघडू पाहणारं दार धरून ठेवणं, हे त्याचं काम नाही. दार जागेवर आलं की उरलेली चार-पाच मिलिमीटरची फट मिटवायची, एवढंच ते करतं. दाराला तिथपर्यंत आणून सोडायचं काम फ्रिज कसा उभा आहे आणि बिजागरी कशी आहे यावर असतं.

म्हणून तुमच्या प्रश्नातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग ‘नऊ वर्षांचा’ हा नाही, ‘नव्या फ्लॅटमध्ये आल्यापासून’ हा आहे. रबर नऊ वर्षांत कडक होतं, मान्य. पण ते टेम्पोत बसून एका दिवसात कडक होत नाही. घर बदलल्यावर दार बिघडलं तर आधी जमीन बघायची आणि मग बिजागरी. रबराचा नंबर शेवटचा.

दार अर्धं उघडा, साधारण पंचेचाळीस अंशांत, आणि हात सोडून द्या. ढकलू नका, नुसतं सोडा. दार स्वतःहून बंद व्हायच्या दिशेने सरकलं पाहिजे. ते तिथेच थबकलं किंवा अजून उघडायला लागलं, तर फ्रिज पुढे झुकलेला आहे किंवा एका कुशीवर कललेला आहे. फ्रिज थोडा मागे रेललेला असावा लागतो. पुढची बाजू मागच्यापेक्षा पाच ते दहा मिलिमीटर वर. जास्त नको. डावी-उजवीकडे मात्र सरळ हवा. माथ्यावर मोबाइल ठेवून लेव्हलचं ॲप उघडलं तरी कळतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा उंचवटा काठाबाहेर राहील असा ठेवा, नाहीतर ॲप चुकीचा आकडा दाखवेल.

नव्या फ्लॅटमध्ये हे का बिघडतं? पुण्या-ठाण्याकडच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर छोटं म्हणून फ्रिज ड्राय बाल्कनीत (स्वयंपाकघराला लागून असलेल्या धुण्या-भांड्याच्या गॅलरीत) किंवा तिच्या दारात सरकवतात. ड्राय बाल्कनीच्या फरशीला उतार असतोच, पाणी नहाणी ट्रॅपकडे जावं म्हणून. उतार डोळ्यांना जाणवत नाही, पण दाराला जाणवतो. फ्रिजची पाठ भिंतीकडे आणि उतार पुढच्या बाजूला असेल तर दार आपोआप उघडणारच. तिथे जगातलं उत्तम गॅस्केट लावलं तरी महिन्याभरात हीच तक्रार परत येईल.

दुसरा गुन्हेगार स्टँड. फ्रिजबरोबर किंवा नंतर घेतलेला चाकांचा प्लास्टिक-लोखंडी स्टँड असेल तर फ्रिज किंचित उचलून त्याच्या चार कोपऱ्यांच्या वाट्या बघा. एखादी वाटी दबलेली किंवा चिरलेली असते, एखादं चाक आत वळलेलं असतं. सामान हलवताना फ्रिज स्टँडसकट ओढला की हे हमखास होतं. ज्या फ्रिजला खाली कांदे-बटाट्यांचा ड्रॉवर आहे त्याला बहुधा स्वतःचे पाय असतात आणि त्याखाली पुन्हा स्टँड ठेवायची गरज नसते. फ्रिजच्या पुढच्या दोन पायांना आटे असतात. एकाने फ्रिज वरून मागे रेटून धरायचा, दुसऱ्याने खाली बसून पाय हाताने किंवा पान्याने फिरवायचा. ज्या दिशेने फिरवल्यावर पाय बाहेर येतो तिकडे. दोन्ही पायांना सारखे फेरे द्या, मग ज्या कोपऱ्याला फ्रिज डुगडुगतो तिथे अर्धा-पाव फेरा जास्त. स्टँडला आटे नसतील किंवा पाय गंजून जाम झाले असतील, तर पुढच्या दोन पायांखाली जाड रबराचे किंवा मरीन प्लायचे तुकडे ठेवा. पुठ्ठा नको, फरशी पुसताना भिजून बसतो. हे काम करताना प्लग काढा, दारातल्या बाटल्या काढा, आणि फ्रिज आडवा पाडू नका. नुसता कलवायचा.

लेव्हल जमली आणि दार सोडल्यावर आपोआप येऊन चिकटलं, तर इथेच थांबा.

दार येतं, चिकटल्यासारखं करतं आणि परत बोटभर मागे येतं, असं होत असेल तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा दार उघडत नाहीये, त्याला आतून कोणीतरी ढकलतंय. सिंगल डोअर फ्रिजमध्ये हा ढकलणारा बहुतेक वेळा फ्रीझरचा खण असतो. त्याच्या झाकणाची स्प्रिंग किंवा कानाचा तुकडा मोडलेला असतो, झाकण नीट मिटत नाही आणि दाराच्या वरच्या रॅकला टेकतं. त्यातून बर्फ वाढलेला असला की झाकण मिटूच शकत नाही. आणि बर्फ का वाढतो? दारातून दमट हवा आत जाते म्हणून. म्हणजे दार उघडं राहतं म्हणून बर्फ, आणि बर्फामुळे दार उघडं. हे चक्र एकदा तोडावं लागतं: फ्रिज बंद करून पूर्ण वितळू द्या, आतलं पाणी पुसा, खणाच्या झाकणाची मोडलेली स्प्रिंग बदला. बर्फ सुरीने किंवा पेचकसने खरवडायला जाऊ नका. त्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या आतच गॅसची वाट आहे, आणि तिला पडलेलं बारीकसं भोक म्हणजे नव्या फ्रीझरचा खर्च. घाई असेल तर पातेल्यात गरम पाणी घालून खणात ठेवा.

झाकणाचा संशय आहे आणि दिसत नाहीये, तर वरच्या रॅकच्या आतल्या कडेला थोडी ओली हळद लावा, दार हलकेच दाबून बंद करा, उघडा. झाकणावर, ट्रेवर, पातेल्याच्या कानावर, जिथे डाग उमटला तिथे अडतंय. हळद लगेच पुसा, प्लास्टिकवर डाग राहतो.

बाकी अडवणाऱ्या वस्तू साध्या असतात. भाजीचा ट्रे तळाच्या खाचेत पूर्ण न गेलेला. काचेची शेल्फ उलटी बसवलेली, म्हणजे तिची उंच कड मागे असायची ती पुढे आलेली. घर बदलताना सगळं काढून धुऊन परत लावलं की हे होतं. आणि एक खास आपल्याकडची वस्तू: फ्रिजवर घालायचं खिसेवालं कव्हर. त्याची झालर किंवा खिशातली वीजबिलं लोंबत दाराच्या सांध्यात येतात. कापडाची एक घडीसुद्धा रबराची पकड सोडवायला पुरते. कव्हर काढून एक दिवस बघा. माझा त्या कव्हरांवर तसाही राग आहे, खिसे भरले की कोणीही त्यांच्याकडे पुन्हा बघत नाही.

आता बिजागरी. दार पूर्ण उघडा, हँडलच्या बाजूने खालून दोन्ही हातांनी धरा आणि वर उचलून बघा. किंचित हालचाल चालते. दार चांगलंच वर-खाली झालं तर खालच्या बिजागरीचे स्क्रू सैल झालेत किंवा पिनेवरचा बुश, म्हणजे प्लास्टिकचं कडं, झिजलाय. दार बंद करून समोरून पाहिलं तर दाराची वरची कड आणि फ्रिजची कड समांतर दिसायला हवी. हँडलकडे उतरत गेली असेल तर दार लटकलंय. सामान हलवणारे फ्रिज दाराला धरून जिना चढवतात तेव्हा हे एका दिवसात होतं. एरवी हळूहळू होतं, कारण दार म्हणजे घरातली टाकी असते: दोन लिटरच्या तीन बाटल्या, म्हणजे सहा किलो, सगळ्यात खालच्या रॅकमध्ये. शिवाय लोणच्याच्या बरण्या, सॉस. भरलेल्या बाटल्या दोनच दारात ठेवा, बाकीच्या आत आडव्या.

खालच्या बिजागरीपाशी बसून दार हळूहळू बंद करा आणि बघा. पुष्कळ फ्रिजमध्ये तिथे प्लास्टिकचे दोन तुकडे एकमेकांवर बसलेले असतात, एक बिजागरीला, एक दाराच्या तळाला. दोघांच्याही तोंडाला उतार कापलेला असतो. दार उघडताना वरचा तुकडा उतार चढतो, म्हणून दार केसभर वर उचललं जातं. शेवटच्या टप्प्यात तो उतारावरून घसरतो आणि दार स्वतःच्या वजनाने आत ओढलं जातं. हात लावून दार फिरवलं की हा ‘टक्’ जाणवतो. उतार झिजून सपाट झाला किंवा त्याचा कोपरा तुटला की ती ओढ जाते. दार बंद होतं, पण शेवटचे दोन बोटं तुम्हालाच ढकलावं लागतं. हा भाग छोटा आणि स्वस्त. मॉडेल नंबर सांगून स्पेअरच्या दुकानात ‘दाराचा बुश’ किंवा ‘डोअर स्टॉपर’ म्हणून मागा. मॉडेल नंबरचं लेबल आतल्या भिंतीवर किंवा पाठीमागे असतं. तुटलेला तुकडा बरोबर न्या, कारण डावा-उजवा असा फरक असतो.

बदलायला दार काढावं लागतं, आणि त्याला दोन माणसं हवीत. वरच्या बिजागरीवरची प्लास्टिकची टोपी काढली की बोल्ट दिसतात, बहुधा 10 नंबरचा पाना लागतो. ते काढण्याआधी पेन्सिलने बिजागरीची बाह्यरेषा पत्र्यावर आखून ठेवा, परत बसवताना तिथेच येईल. दारावर डिस्प्ले किंवा पाण्याचा नळ असेल तर वरच्या बिजागरीतून वायर किंवा नळी जाते. अशा दाराला स्वतः हात घालू नका.

एवढं सगळं ठीक असेल तर गॅस्केटकडे या. आणि तेही एकदम बदलायला नको.

वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी किंवा दहाची नोट घ्या. अर्धी आत, अर्धी बाहेर धरून दार लावा आणि हळू ओढा. रबराने ती अडवून धरल्यासारखी वाटली पाहिजे. वीतभर सरकून पुन्हा. अशी चारही बाजूंनी चक्कर मारा. बिजागरीच्या बाजूचे वरचे-खालचे कोपरे सोडू नका, कारण तिथे रबर आत दुमडतं आणि समोर उभं राहिल्यावर ते दिसतच नाही. जिथे नोट सळकन निघाली तिथे खूण करा. रात्री स्वयंपाकघर अंधारं करून आत मोबाइलची टॉर्च लावून ठेवली तरी फटीतून उजेड दिसतो, पण कोपऱ्यांसाठी नोटच बरी. आणखी एक सोपी खूण: दार लावून अर्ध्या मिनिटाने उघडायला गेलात तर ते जड लागलं पाहिजे. आत शिरलेली 35 अंशांची हवा पाच अंशांकडे जाताना जवळपास दहा टक्क्यांनी आकसते आणि दाराला आत ओढते. दार जड लागतच नसेल तर कुठून तरी हवा आत येतेय.

लोक म्हणतात ‘मॅग्नेट गेलं’. मॅग्नेट सहसा जात नाही. त्याच्याभोवतीचं रबर, खरं तर मऊ पीव्हीसी, कडक होतं आणि चपटं बसतं. मग चुंबक पत्र्यापर्यंत पोचत नाही. कधी त्याहूनही साधं असतं: रबराच्या घड्यांमध्ये दुधाचे ओघळ, आंब्याचा रस, पावसाळ्यातली काळी बुरशी साठते आणि रबर पत्र्यावर सपाट टेकत नाही. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश, प्रत्येक घडी उघडून घासा, कोरडी करा. पत्र्याची समोरची चौकटही पुसा. थिनर, पेट्रोल, फिनेल नको, त्याने रबर अजून ताठरतं. समुद्रकाठच्या गावांत चौकटीचा खालचा भाग गंजून पापुद्रे सुटलेले असतात. तिथे नवं रबरही टेकणार नाही. गंज पॉलिश पेपरने घासून, गुळगुळीत करून रंगाचा पातळ हात द्यावा लागतो.

एका जागी बसलेलं रबर हेअर ड्रायरच्या कमी उष्णतेवर, वीतभर लांबून, मऊ होईपर्यंत शेकून बोटांनी बाहेर ओढा. मग दार लावून बाहेरून सेलोटेपने रात्रभर धरून ठेवा. बिजागरीच्या बाजूला दुमडत असेल तर त्या बाजूला टाल्कम पावडर किंवा व्हॅसलिनचा अगदी पातळ हात. रबर फाटलं असेल तर मात्र फेविक्विकने चिकटवू नका. तो सांधा काचेसारखा ताठ होतो आणि शेजारची दोन इंचही पकड घालवतो.

खरंच बदलायचं ठरलं तर कंपनीचं, मॉडेल नंबरवरून मागवलेलं चांगलं. ते मिळत नसेल तर बाजारात मापाने कोपरे जोडून देणारे असतात. माप जुन्या रबराचं घेऊ नका, ते ताणलेलं असतं. दारातल्या खाचेच्या मध्यापासून समोरच्या खाचेच्या मध्यापर्यंत, उभं आणि आडवं, असं घ्या. जुन्या रबराचा एक तुकडा कापून बरोबर न्या, कारण खाचेत जाणाऱ्या जिभेचा आकार प्रत्येकाचा वेगळा. नवं रबर घडी घालून येतं, सुरकुत्यांसकट बसवलं तर तुम्हाला वाटेल नवंही खराब. कडकडीत नव्हे, पण हाताला चटका बसेल अशा गरम पाण्यात काही मिनिटं बुडवून मग बसवा. आधी चारही कोपरे, मग मधला भाग अंगठ्याने दाबत. जुन्या मॉडेलमध्ये रबराची कड उचलली की खाली ओळीने स्क्रू दिसतात. ते एकदम काढायचे नाहीत, फक्त सैल करायचे, कारण तेच दाराचा आकार धरून असतात. याच वेळी दाराला पीळ असेल तर एक माणूस दार दाबून सरळ धरतो आणि दुसरा स्क्रू कसतो.

डबल डोअरवाल्यांसाठी एवढंच, की खालचं दार जोरात आपटल्यावर वरचं उघडत असेल तर ते भूत नाही. दोन्ही खणांत हवेची वाट एकच असते, खालून हवेचा धक्का वर जातो. दार आपटणं थांबवा, आणि तरीही होत असेल तर वरच्या दाराची नोटेची चाचणी घ्या.

तुमच्या बाबतीत मी आज संध्याकाळी स्टूल बाजूला करून दार अर्ध्यात सोडून बघेन आणि फ्रिज ड्राय बाल्कनीत असेल तर आधी तिथून हलवेन. तोवर ज्या रात्री दार उघडं राहिलं त्या रात्रीचा शिजलेला भात, मासे, मटण वास बघून ठेवू नका, टाकून द्या. फ्रिजमध्ये न उघडलेलं इन्शुलिन असेल तर ते 2 ते 8 अंशांतच राहायला हवं, म्हणून दार दुरुस्त होईपर्यंत ते शेजाऱ्यांकडे ठेवा. मेकॅनिकला परत बोलावलंत तर त्याला ‘दार बंद होत नाही’ एवढंच सांगू नका. अर्ध्यात सोडल्यावर दार कुठे जातं, उचलल्यावर किती हलतं आणि नोट कुठल्या कोपऱ्यात सुटते, हे सांगा. हे ऐकूनही तो बघायला न येता गॅस्केटचाच भाव सांगत असेल, तर दुसरा मेकॅनिक बघा.